रिकाम्या चादरीवरची ठिणगी

यातला एकही शब्द पदरचा नाही. राधाकृष्णमामांनी उभं आयुष्य प्रयोगशाळेत काढलं. स्वतः पडताळून पाहिल्याशिवाय कुठलीही गोष्ट सांगण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. ती पेटी आजही आमच्या घरात आहे.

आम्ही ती लावत नाही.

साल १९८२, ऊसतोडीचा हंगाम. मॉरिशसच्या उत्तरेकडचं लॉंग माउंटन गाव. आणि वेळ रात्रीची नव्हे... सकाळची.

ती सकाळ रोजच्यासारखीच उजाडली. उसाने भरलेल्या लॉऱ्या रस्त्याने खडखडत गेल्या. मामांनी तुळशीला पाणी घातलं. व्हॅनिलाचा चहा उकळला. स्वतःच्या कपात साखर घातली, कुसुममामींच्या कपात घातली नाही. मामींना मधुमेह झाल्यापासून त्या घरात असे दोन चहा होत.

मग त्यांनी पलंगाजवळचं यंत्र लावलं.

एक काळी पेटी आणि तिला जोडलेली काचेची नळी. नळीत विरळ वायू. बटण दाबलं की वीज त्या वायूतून वाहायची आणि नळी जांभळी पेटायची. पण हाताला गारच लागायची. शरीराजवळ नेली की तिच्यातून बारीक ठिणग्या उडत. तड्... तड्... वीज कोसळून गेल्यावर येतो तसा वास खोलीभर पसरे. जखमेतले जंतू त्या ठिणग्यांनी मरतात. मोका इथल्या प्रयोगशाळेत मामा याच तत्त्वावरचं मोठं यंत्र चालवत, पाणी शुद्ध करण्याचं. ही लहान पेटी कुणा निवृत्त डॉक्टरांनी अडगळीत टाकली होती. मामांनी ती दुरुस्त करून घरी आणली, मामींच्या उजव्या पायाच्या जखमेसाठी.

जखमेची दुर्गंधी गेली. कडा गुलाबी झाल्या. घराला आशा वाटू लागली.

पण तो उजेड वरवरच पोहोचत होता. जखम आतून हाडापर्यंत सडली होती.

इस्पितळात गुडघ्याखाली पाय कापला.

आता टाके सुकावेत म्हणून मामा रोज सकाळी यंत्र लावत. त्या सकाळीही लावलं.

"अहो, पाय भाजतोय," मामी म्हणाल्या.

"डावा?"

"नाही. तो... दुसरा."

मामांनी समजावलं. कापलेला पाय दुखल्यासारखं पुष्कळांना वाटतं. चूक पायाची नसते, मेंदूची असते.

"मग मेंदूलाच लावा तुमचं मशीन! आयो, किती शिकवाल मला? जरा पायाला धरा."

मामा हसले. मामींच्या समाधानासाठी त्यांनी नळी रिकाम्या चादरीवर धरली. जवळ शरीर नसलं की नळी नुसती गुणगुणते. तशी ती गुणगुणत राहिली.

आणि मग...

तड्.

मामांनी हात मागे घेतला. पुन्हा पुढे नेला.

तड्... तड्...

ठिणगी काचेतून निघत होती आणि हवेत संपत होती. जणू तिथे हवेला कातडी होती.

त्यांनी नळी सावकाश सरकवली. टाच. तळव्याची कमान. बोटं. त्यापलीकडे आवाज बंद.

दुसऱ्या हाताने चाचपलं. चादर. फक्त चादर.

"हं... आता बरं वाटतंय," मामी डोळे मिटून म्हणाल्या.

दमट हवा असेल, असं मामांनी स्वतःला बजावलं. चादर बदलली. वायर बदलली. दुसऱ्या दिवशी आवाज तिथेच होता. तिसऱ्या दिवशीही.

मग एका सकाळी तो तिथे नव्हता.

मामा नळी इकडेतिकडे फिरवत राहिले. शांतता.

"तिथे नका शोधू," मामी हळूच म्हणाल्या. "तो या पायावर येऊन पडलाय. केवढा भार... मला बाजूला सारता येत नाही."

मामांनी नळी डाव्या पायाकडे नेली. पायापर्यंत पोहोचण्याआधी, वीतभर वर, हवेतच...

तड्.

आठवडाभरात डाव्या अंगठ्यावर काळा डाग उमटला.

डॉक्टर म्हणाले, हाही पाय काढावा लागेल. पुढचं मात्र सांगता येणार नाही. ठरलेल्या सकाळी शेजारचा टॅक्सीवाला इंद्रदेव दारात उभा राहिला.

"आलोर, चला मामा, निघायचं ना? मामी, पुढची सीट तुमची. वाटभर मला शिव्या द्या, वेळ बरा जाईल."

"तुझ्या गाडीत देवाचं नाव घेऊन तोंड कोरडं पडतं. शिव्या कुठून सुचणार?"

इंद्रदेव हसत गाडीकडे गेला. जाण्यापूर्वी एकदा, म्हणून मामांनी यंत्र लावलं. नळी काळ्या डागावर टेकवली.

आवाज नाही.

यंत्र बिघडलं असेल. त्यांनी नळी स्वतःच्या मनगटाला लावली. तड्! चटका बसला.

पुन्हा डाव्या पायावर. काही नाही. घोट्यावर... पोटरीवर... गुडघ्यावर...

काहीच नाही.

मामांनी मामींचा हात हातात घेतला. तळवा ऊबदार होता. त्यावर नळी टेकवली.

जांभळा उजेड मुकाट जळत राहिला.

"काय झालं हो?"

"काही नाही."

त्यांचा हात खाली लोंबला. नळी पलंगाच्या कडेला, जमिनीलगत आली.

तड्... तड्...

मामा वाकले. नळी फिरवत गेले. टाच पलंगाकडे. बोटं दाराकडे. एक पाऊल.

आणि त्याच्या शेजारी... दुसरं.

मग त्यांनी बटण बंद केलं, वायर गुंडाळली, पेटीचं झाकण लावलं. बाहेर जाऊन इंद्रदेवच्या खांद्यावर हात ठेवला.

"गाडी घरी ने, बाबा. आज जायचं नाही."

"मग उद्या येऊ?"

मामांनी नुसती मान हलवली. नाही.

स्वयंपाकघराकडे जाताना पलंगाच्या कडेला त्यांनी वळसा घातला. तिथे पाय ठेवायला पुरेशी जागा होती. काहीच नव्हतं तिथे. तरी वळसा घातला.

त्यांनी चहा उकळला. दोन कप भरले. दोन्हींत साखर घातली.

मामींनी एक घोट घेतला. थांबल्या. कपाकडे पाहिलं, मग कितीतरी वेळ मामांकडे.

"अजून एक चमचा घाला," त्या म्हणाल्या.

मामांनी घातला.