आधी त्या मुलाला घे

मशीनच्या फळीला पोट टेकवून शिवायची तिला सवयच लागली होती. पोट एवढं पुढे आलं होतं की दुसरा उपायही नव्हता. समोर हॉटेलच्या पडद्यांचा ढीग, शेजारच्या खोलीत सासूबाईंचं सुरात घोरणं आणि फळीतून थेट पोटात शिरणारी मोटरची थरथर. आमचं बाळ दिवसभर नाचतं, असं ती कौतुकानं सगळ्यांना सांगायची.

सुईणबाईंनी गेल्या तपासणीला बजावलं होतं, "बाळाचं हलणं कमी वाटलं, अंगावरून लाल गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर उद्यावर टाकायचं नाही. लगेच फोन. फोन केलास म्हणून मी ओरडणार नाही, नाही केलास तर मात्र ओरडेन."

त्या दुपारी वीज गेली. मशीन थांबलं आणि पोटातलं नाचणंही थांबलं.

आधी तिला काही वाटलं नाही. मग ती डाव्या कुशीवर पडली आणि पोटावर हात ठेवून वाट पाहू लागली. बराच वेळ गेला. पोट नुसतं जड होतं. सकाळपासून नाचत होतं ते बाळ की मोटर? आणि काल?

"शेवटी शेवटी बाळं निजूनच असतात," जाग्या झालेल्या सासूबाई म्हणाल्या. "हलायला जागा कुठे उरते? उगाच राईचा पर्वत करू नकोस."

सासूबाई मायेनं बोलत होत्या, आणि तिलाही नेमकं तेच ऐकायचं होतं. तरी तिनं फोन लावला. लावताच तिला ओशाळल्यासारखं झालं. बाईंना दहा कामं असतील.

"बाई, तशी घाई नाही. सहजच केला होता."

"थांब जरा. आधी त्या मुलाला घे. मला तुझं काही ऐकू येत नाहीये."

"कुठल्या मुलाला?"

"रडतंय ते. अगदी तुझ्याजवळ आहे."

तिनं खोलीभर पाहिलं. पडदे, मशीन, दारात सासूबाई. पंखाही बंद होता.

"घरात मूल नाही, बाई."

मग बाईंचा आवाज बदलला.

"बाळ शेवटचं कधी हललं?"

"माहीत नाही," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"तशीच हॉस्पिटलला निघ. मी येतेच."

संध्याकाळच्या आत ऑपरेशन झालं. मुलगी झाली. फिकी, दमलेली, पण जिवंत. आणखी थांबला असतात तर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

सकाळी बाई भेटायला आल्या तेव्हा मुलगी रडत होती. तिनं रात्रभर मनाशी एक समजूत करून ठेवली होती. अर्धवट हसत तिनं विचारलं, "हाच ना आवाज, बाई?"

बाई वाकल्या. रडणं थांबेपर्यंत कान देऊन ऐकत राहिल्या.

"नाही."

"मग?"

बाईंनी मुलीचं दुपटं नीट केलं.

"ते मूल बोलणारं होतं. रडत रडत एकच म्हणत होतं. 'आई, सांग ना.'"