जिनगराचे तीन मुजरे

कोरजाई गडावर दिवस उजाडला तेव्हा खालच्या माळावर गनिमाचे डेरे तसेच पसरलेले होते, आणि सात महिन्यांच्या वेढ्याने गडावरची चारशे माणसे झाडपाल्यावर आली होती. त्या दिवशी गनिमाचे वकील अंताजीपंत, किल्लेदाराने बेलभंडार उचलून शपथेवर दिलेल्या अभयावर विसंबून, तहासाठी सदरेवर यायचे होते. तह झाला की किल्लेदारी गेली. म्हणून किल्लेदार सिदोजीरावांनी भेटीच्या मिठीतच वकिलाला गोळी घालायचे ठरवले होते. मग गनीम गडावर जीव म्हणून ठेवणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्यांचे घोडे चोरवाटेवर तयार होते. बाकीच्यांचे काय व्हायचे ते होवो!

अडचण एवढीच, की जुन्या जखमेने त्यांच्या बोटात जोर उरला नव्हता. म्हणून गडाची हत्यारे राखणाऱ्या भानजी जिनगराला दोन दिवस आधीच हुकूम झाला होता, पिस्तुलाचा चाप हलका कर. भानजीने दोन दिवस घराचे दार लावून काम केले आणि चाप इतका हलका केला, की नुसत्या हिसक्याने बार उडावा. धन्याचा बेत त्याने ओळखला होता; किल्लेदार मरेल, गड वाचेल, एवढेच त्याच्या मनात होते.

सकाळी सिदोजीराव पिस्तूल न्याहाळून म्हणाले, "गडाची रीत मोडायची नाही. भरलेले हत्यार आधी कारागिराच्या कमरेला. पिस्तुलाचा घोडा चढव आणि तीन मुजरे घाल."

घाईत रीत राहून जाईल, अशी भानजीची वेडी आशा होती. त्याने पिस्तूल शेल्यात खोचले, आणि कंबर ताठ ठेवून, नुसते गुडघे मोडत, सावकाश तीन मुजरे केले.

"कंबर धरली काय रे?" किल्लेदार हसले.

"जी सरकार. दोन दिवस ओणवा बसलो होतो."

सिदोजीरावांनी पिस्तूल आपल्या शेल्यात खोचले. पंत आले. सिदोजीराव हात पसरून ऐटीत वाकले आणि बार त्यांच्याच जांघेत उडाला. दुपारी जीव जाईपर्यंत ते तडफडत होते, आणि "जिनगराने दगा केला" एवढेच ओरडत होते.

संध्याकाळी तहाप्रमाणे गड पंतांच्या ताब्यात आला. त्यांनी भानजीला बोलावून सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"आमचा जीव तुमच्यामुळे वाचला, जिनगर. हे आम्ही विसरणार नाही. पण धन्याच्या हत्यारात दगा भरणारे हात आमच्या गडावर नकोत."

दोन्ही अंगठे दरवाज्यापाशीच तोडले. तिथूनच ती चारशे माणसे गाठोडी घेऊन खाली उतरत होती. रक्त बांधायला भानजीची बायको एकेकाकडे फडके मागत राहिली. कोणी थांबले नाही.