ठोकळ्याला वारा

ताई जनावरांची डॉक्टर आहे आणि मला रक्त दिसलं की घेरी येते, त्यामुळे आमचं चांगलं जमतं.

त्या दुपारी ती पहिल्यांदाच एकटीने ऑपरेशन करणार होती. पेशंट म्हणजे मोजा गिळून बसलेली एक म्हातारी कुत्री. दवाखान्यातला मोठा दिवा नेमका सकाळी गेला. मी ज्या दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, तिथे माझा एलईडीचा दिवा बनत आला होता. तोच उचलून नेला आणि तिच्या टेबलावर टांगला.

"पोट उघडल्यावर हा गेला, तर कुत्रीही गेली," ताई म्हणाली. "कळतंय ना?"

रेग्युलेटर घातलाय, काळजी करू नकोस, असं मी म्हणालो. तिने मला बाहेर काढलं, फोन बंद केला आणि दार लावलं.

रेग्युलेटर करंटला आवर घालतो. तो नसला तर एलईडी तापते, तापली की जास्त करंट ओढते, ओढला की आणखी तापते. आमच्या घरातली भांडणं अशीच चालतात. पण आवर घातला तरी उष्णतेला कुठेतरी जायला हवं. म्हणून एलईडीच्या पाठीला हीटसिंक लावतात, म्हणजे ॲल्युमिनियमचा पात्यापात्यांचा ठोकळा. तो नसला तर दिवा बघता बघता जळतो.

दुकानात परत आलो, तर ठोकळा बाकावर होता.

उष्णता ओढून घेणारी ताजी पेस्ट लावायला मीच तो दिव्यापासून काढला होता. पेस्ट अजून ओली होती.

ताईचा फोन बंदच. ठोकळा घेऊन पळत सुटावं म्हणून हात घातला आणि झटकन मागे घेतला. बोटं भाजली. जवळ ना शेगडी, ना ऊन. सोल्डरिंग आयर्नसुद्धा गार पडलेलं. पात्यांवरची हवा मात्र थरथरत होती.

मी विज्ञान मानणारा माणूस. उष्णता इथे ठोकळ्यात आहे, म्हणजे तिथे दिव्यात नाही. मी टेबलफॅन ओढला आणि ठोकळ्यासमोर फुल्ल लावला.

मालक आत आले. कशालाही न जोडलेल्या ठोकळ्याला मी वारा घालतोय, हे त्यांनी जरा वेळ पाहिलं.

"पाहुण्यांना पाणी विचारलंस का?"

त्यांनी पुढे होऊन पात्यांना बोट लावलं, ते बोट तोंडात घातलं आणि स्टूल ओढून बसले.

बराच वेळ पंखा फिरत होता. मग ठोकळा एकाएकी निवायला लागला. तेवढ्यात फोन वाजला.

"आत्ताच दिवा बंद केला," ताई म्हणाली. "मोजा निघाला. बाईसाहेब शेपटी हलवतायत."

मी जमिनीवरच बसलो. ताई पुढे बोलतच होती.

"दिवा झकास आहे रे. फक्त त्यातून वारा कसा येत होता? खिडक्या बंद, तरी कुत्रीचे केस उडत होते."

नवीन मॉडेल आहे, मी म्हणालो.

रविवारी दवाखाना बंद असतो, म्हणून दिवा दुकानात आणला. ठोकळा एकदाचा नीट बसवून टाकू म्हटलं. दिवा मांडीवर घेतला, वायर गुंडाळून ठेवलेली. ठोकळ्याकडे हात नेला.

तापला होता.

मांडीवरचा दिवा गारच होता.

म्हणजे कुठेतरी, कुणाच्या तरी दिव्याखाली काम चालू होतं.

मी मालकांकडे पाहिलं. पेपरातून डोकं वर न काढता त्यांनी पंखा ठोकळ्याकडे वळवला.