दुसऱ्या शिपायाची जागा

वीज येईपर्यंत वेळ आहे, म्हणून सांगतो. एरवी हा विषय मी काढत नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी दापोऱ्याला जाण्याचे माझे कारण अगदी साधे होते. दुरुस्त झालेला एक संगणक मालकाच्या घरी पोचवायचा, जोडून द्यायचा आणि निघायचे. मी महाविद्यालयात संस्कृत शिकवतो. पण नदीवरच्या राजघाटाकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीत मला ओळखतात ते माडीवरच्या उद्योगामुळे. लोकांनी अडगळीत टाकलेले संगणक मी घेतो, त्यांची धूळ काढतो, प्रोसेसरवरचा वाळून खडू झालेला लेप खरवडून नवा लावतो आणि आतले बाकी सगळे पुसून त्यांना एकाच कामाला लावतो. बटण दाबले की पत्रे नाहीत, हिशेब नाहीत. टीव्हीला डबा जोडून आपण लहानपणी जे खेळ खेळायचो, ते थेट समोर येतात.

हे ज्या आज्ञावलीमुळे घडते तिला इम्युलेटर म्हणतात. तिच्यासाठी 'अनुकारक' हा शब्द मी काही दिवस वापरून पाहिला आणि सोडून दिला. अनुकरण जिवंताचे होते. येथे मूळ यंत्र केव्हाच नाहीसे झालेले असते. त्याचा देह नसताना त्याचा स्वभाव परक्या देहात जागा करायचा असतो, आणि तोही इतका तंतोतंत, की आपण कुठे जागे झालो आहोत हे त्या खेळाला कळूही नये. ह्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, आवाहन. मी तो मोठ्या कौतुकाने वापरत असे.

संगणक दापोऱ्याच्या निलेशचा होता. त्याचा आणि त्याच्या थोरल्या भावाचा, समाधानचा. वडील गेल्यावर त्यांच्या आईने, धुरपदाबाईंनी, केळीचा माल चांगला गेला त्या वर्षी दोघांना मिळून घेऊन दिलेला. दोघे भाऊ एकाच कीबोर्डवर खेळत; डावी बाजू निलेशची, उजवी समाधानची. खेळ दोन शिपायांचा. पहिला निळा, दुसरा लाल. धाकट्याला नेहमी पहिला व्हायचे असे, म्हणून थोरला आपणहून दुसरा होई. दोघांनी जंगलातून उजवीकडे चालत राहायचे, खड्डे ओलांडायचे, इतकेच. मात्र त्या खेळाचा एक कडक नियम होता. दोघांतला एक मागे थांबला, तर पडदा पुढे सरकत नसे. पुढे गेलेला कडेला अडून जागच्या जागी पाय आपटत राही.

गेल्या पावसाळ्यात समाधान केळीच्या मळ्यात मोटार चालू करायला गेला. पाय ओले होते. तेथेच विजेने त्याला धरले. निलेश तेव्हा सुरतेला एका कापडाच्या कारखान्यात संगणकावर नक्षी उतरवण्याचे काम करत होता. क्रियाकर्मासाठी आला तो परत गेलाच नाही. सकाळी उठून तो संगणकासमोर बसे, दोघांचा खेळ सुरू करी, आपला निळा शिपाई उजव्या कडेला नेऊन उभा करी आणि मागे उभ्या असलेल्या लालची वाट पाहत राही. दिवसभर. चैत्रात संगणक बंद पडला, तेव्हा चादरीत गुंडाळून त्याने तो स्वतः मोटरसायकलवर माझ्याकडे आणला. गाल बसलेले, डोळे कोरडे. मागणे एवढेच होते.

"सर, बाकी काही नको त्यात. बटण दाबलं की डायरेक्ट आम्ही दोघं दिसलो पाहिजे."

तो गेल्यावर काही दिवसांनी धुरपदाबाई आल्या. जिन्यातच उभ्या राहिल्या, बसा म्हटले तरी बसल्या नाहीत. सुरतेच्या मालकाने आखाजीपर्यंत वाट पाहीन, मग दुसरा माणूस घेईन असे कळवले होते, ते त्यांनी सांगितले. पोरगा जेवायला उठत नाही, हाक मारली तर ऐकू गेल्याचेही दाखवत नाही, तेही सांगितले. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या,

"एक गेला, ते त्याचं दैव. पन हा जित्ता असून त्याच्याजवळ जाऊन बसेल आहे. एकल्याचाच खेळ करा, सर. दुसऱ्याले जागाच ठेवू नका."

मी तसे केले. दुसऱ्या शिपायाच्या कळांची जोडणी काढून टाकली आणि दोघांनी खेळण्याचा पर्यायच पुसला. उजव्या बाजूची प्रत्येक कळ दाबून पाहिली. पडद्यावर एकटा निळा शिपाई होता. निलेशला मी हे फोनवर स्पष्ट कळवले, कारण लपवून केलेली दुरुस्ती ही फसवणूकच. तो म्हणाला, आखाजीला घेऊन या. एकदा खेळतो आणि संध्याकाळच्या गाडीने निघतो.

वैशाखातली दुपार तुम्हाला ठाऊक आहे. गावात शिरलो तेव्हा रस्त्यावर कुत्रेसुद्धा नव्हते. दारे लोटलेली, आणि गावाबाहेरच्या मळ्यातून उन्हाच्या झळांबरोबर केळीची फाटलेली पाने एकमेकांवर घासल्याचा कोरडा आवाज येत होता. घरात मात्र गारवा होता. भिंतीशी नवी घागर भरून ठेवलेली, तिच्या तोंडावर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी आंबा. गेलेल्याच्या नावाने आखाजीला भरतात ती; समाधानची ही पहिली घागर. ओल्या मातीचा वास सगळ्या खोलीभर होता.

मी संगणक जोडला, चालवून दाखवला. निळा शिपाई एकटाच आला. निलेशने मान हलवली आणि बंद केला. जेवणे झाल्यावर खेळेन म्हणाला.

समाधानच्या जागी पितर म्हणून ज्याला जेवू घालायचे, तो जसोंडी गावचा नातलग ऊन लागून आडवा झाल्याचा निरोप तेवढ्यात आला. दुपार टळत चालली होती. धुरपदाबाईंनी माझ्याकडे पाहिले. श्राद्धाचे अर्थ मी इतकी वर्षे वर्गात समजावून सांगत आलो होतो. पाटावर बसण्याची वेळ कधी आली नव्हती. नाही म्हणण्यासारखे काही नव्हते. बसलो. आमरस, पुरणपोळी, कुरडई. वाढताना त्या एकदाच म्हणाल्या, "अजून घे." तोवर त्या मला 'घ्या' म्हणत होत्या. मी मनात म्हटले, विधीचाच भाग असेल.

त्या घरची रीत त्यांनी आधीच सांगून ठेवली होती. पितर जेवून उठला की उंबऱ्याबाहेर पाणी घालायचे. त्याने ते ओलांडून निघायचे, मागे पाहायचे नाही, आणि घरातल्या कोणी हाक मारायची नाही. संगणक जोडून झालाच होता, तेव्हा परत आत यायचे मला कारण नव्हते. धुरपदाबाईंनी तांब्या ओतला. मी पाणी ओलांडले. अंगण पार करून फाटकाच्या कडीला हात घातला, आणि आतून निलेशचा आवाज आला.

"सर... परत या ना. हे काय दिसू राह्यलं, पहा."

यंत्रासाठी हाक आली की वळायचे, हे माझ्या अंगवळणी पडलेले आहे. मी वळलो. उंबऱ्याशी धुरपदाबाई रिकामा तांब्या घेऊन उभ्या होत्या. मी ओल्या जागेवर पाय ठेवून आत आलो, तेव्हा त्या दचकून बाजूला सरकल्या.

पडद्यावर दोघे होते.

निलेशचे दोन्ही हात मांडीवर होते. त्याने काही दाबले नव्हते, फक्त बटण लावले होते. निळा मध्यावर, आणि लाल अगदी डाव्या कडेला, निश्चल. मी कीबोर्ड ओढून उजवीकडची एकेक कळ दाबली. लाल हलला नाही. हलणार कसा, त्याच्या कळांची जोडणी मीच काढली होती. जुन्या चकतीत, म्हणजे हार्ड डिस्कमध्ये, काही उरले असेल, असेही म्हणता येईना; ती मी बदलली होती आणि जुनी माझ्या माडीवर पडलेली होती. बंद करून पुन्हा लावू, असे मी सुचवले.

"थांबा," निलेश हळूच म्हणाला. "त्याले जरा वेळ लागतो..."

मग लाल चालू लागला.

तो निळ्याजवळून पुढे गेला. समोरचा खड्डा त्याने सहज ओलांडला. पडदा त्याच्याबरोबर सरकत गेला, तो निळा डाव्या कडेला चिकटेपर्यंत, मग थांबला. आता अडला होता तो लाल. उजव्या कडेला तो जागच्या जागी उड्या मारू लागला. त्याच सुमारास मला वास आला. मोटारीची तार जळते तेव्हा वार्निशाचा येतो, तसा उग्र. मी संगणकाच्या पाठीला हात लावला. थंडगार होती.

दारातून धुरपदाबाई म्हणाल्या, "मोटारीचा वास..."

"घाई झाली की दादा असाच उड्या मारे," निलेश म्हणाला. त्याच्या आवाजात मी प्रथमच आनंद ऐकला, आणि त्याचीच मला भीती वाटली. "आई, माझ्यामुळं अडकेल आहे तो. मी हललो नाही, तर त्याले जाता येत नाही."

"मग?"

"थोडंसं जातो बरोबर. फाट्यापर्यंत सोडून येतो."

धुरपदाबाईंनी पुढे होऊन त्याची मनगटे धरली. "त्या फाट्यावरून कोनी परत आलं नाही, नीलू."

लालला वाट करून देण्याचा आणखी एकच मार्ग त्या खेळात होता, आणि तो मला माहीत होता, निलेशलाही. निळ्याने मरायचे. तो एकदा गेला की पडदा मागे राहणाऱ्यासाठी खोळंबत नाही. निलेशने ते आईला सांगितले. समोरच्या खड्ड्यात टाकतो माझ्या शिपायाला, तो सुटेल.

"खेळातबी नको," त्या म्हणाल्या. त्याचे दोन्ही हात ओढून त्यांनी आपल्या छातीशी घट्ट धरले. "खेळातबी मरू देनार नाही मी तुले."

तो ओढत नव्हता, त्या सोडत नव्हत्या. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. उड्या थांबल्या. लाल वळला. संथपणे, एकेक पाऊल टाकत तो परत आला आणि खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर, निळ्याकडे तोंड करून उभा राहिला. ती चित्रे किती साधी असतात. तोंडाच्या जागी दोन ठिपके असतात फक्त. पण तो कोणाकडे पाहत होता ह्याविषयी खोलीतल्या कोणालाही शंका नव्हती. जळका वास आता घशात उतरत होता.

मी वीज तोडायचे ठरवले. बटण पलीकडच्या भिंतीवर, घागरीच्या वर होते. मी खोली ओलांडली, भिंतीशी पोचलो, बटणावर बोट ठेवले.

मागे कीबोर्डवर एक कळ वाजली.

मी वळून पाहिले. निलेशचे हात आईच्या हातात होते. कीबोर्डजवळ कोणी नव्हते. निळा शिपाई एक पाऊल पुढे आला, आणखी एक आला आणि खड्ड्यात गेला. एकट्याच्या खेळासाठी मी त्याला एकच जीव ठेवला होता.

लाल क्षणभर उभा होता. मग तो वळला आणि पळत सुटला. पडदा मोकळा झाला. झाडे, पूल, पाणी मागे पडत गेले. तो एकदाही थांबला नाही. पळता पळता तो उजव्या कडेच्याही पुढे गेला, जेथे त्या खेळात जाता येत नाही, आणि रिकामे जंगल एकटेच सरकत राहिले. वास विरत गेला. ओल्या मातीचा वास परत आला, तेव्हा मी बटण बंद केले.

धुरपदाबाई जमिनीवर बसून रडल्या. समाधान गेल्यापासून त्या पहिल्यांदाच रडत होत्या, असे निलेश नंतर म्हणाला. तो मात्र उठला, तोंड धुतले, आणि आईने वाढलेले ताट त्याने खाली मान घालून संपवले. संध्याकाळच्या गाडीला मीच त्याला स्टेशनवर सोडले. वाटेत कोणी त्या कळेचा विषय काढला नाही.

आठवड्याने त्याचा फोन आला. काम पुन्हा मिळाले होते, झोप लागत होती, आईशी रोज बोलणे होत होते. आवाजात पोर परत आल्यासारखे वाटले आणि मला बरे वाटले. मग तो अडखळला.

"सर, एक विचारू का? ती कळ... तुम्हीच दाबली ना?"

मी कुठे उभा होतो हे मला पक्के ठाऊक होते. बोटाखालच्या बटणाचा गुळगुळीतपणाही आठवत होता. नाही, निलेश, मी भिंतीपाशी होतो, एवढे एक सरळ वाक्य मी मनात जुळवले आणि तोंड उघडले.

"मंग कोन दाबीन, येड्या?" मी म्हणालो. "तू काय हलनार होता?"

ही बोली मी आयुष्यात कधी बोललेलो नाही. शेजारी बसलेल्या चारुलताने, माझ्या पत्नीने, वाचता वाचता मान वर केली आणि ती माझ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावे तशी पाहत राहिली.

मग निलेशने अगदी हलक्या आवाजात विचारले,

"दादा... जेवला का?"

संबोधन चुकले होते. ते दुरुस्त करायचे, म्हणून मी शब्द शोधत होतो.

"जेवलो," मी म्हणालो.