मीच शेवटचा

परत येताना वाटलं होतं, मामाची गल्ली अजून तशीच गजबजलेली असेल. दूरच्या विद्यापीठात शहरं कशी जगतात ते शिकत होते, तेव्हा 'वस्तीचं व्यक्तिमत्त्व' हा शब्द आला की डोळ्यांपुढे हीच गल्ली यायची. प्रत्यक्षात सापडली ती झोपेला आसुसलेली गल्ली. दिवसभर दारं बंद, आत रात्री-अपरात्री पाळी संपवून आलेली माणसं. पोपडे उडालेल्या भिंती, गळके नळ. मी आठवडाभर दारोदार फिरले. प्रत्येक दारात एकच उत्तर, "ताई, उद्या या. आत्ताच डोळा लागलाय."

नगररचना कार्यालयात माझी नेमणूक नवी होती. या गल्लीत जपण्यासारखं काही आहे का, यावर कार्यालयाच्या समितीला मत द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. 'नाही' म्हटलं की पाडकाम. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, आणि 'हो' म्हणायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं.

त्या रात्री वीज गेली म्हणून मामा, मामेबहीण, मामेभाऊ आणि मी पायऱ्यांवर येऊन बसलो. बहीण दिवसभर कपडे धुऊन दमली होती.

"काय गं, सापडलं का आमचं व्यक्तिमत्त्व?" ती म्हणाली. "माझं तर धुण्यात आटलं."

"तुझं होतं कधी?" भाऊ म्हणाला.

मामाने सगळं आयुष्य बस चालवली. आता त्याचा आवाजही थांब्याला लागल्यासारखा सावकाश येतो. "एक सांगतो," तो म्हणाला. "पण मध्ये हूं हूं करा. गप्प बसलात तर मला झोप लागेल."

"माझा एक दोस्त होता. पाणीखात्यात. रस्त्यातलं झाकण उघडायचं, लांब लोखंडी चावी आत घालून व्हॉल्व्ह फिरवायचा. या भागाचं पाणी बंद, त्या भागाचं सुरू. सगळे त्याला चावीवालाच म्हणायचे. राहायला रुळांपलीकडच्या जुन्या वस्तीत. तिथे गल्लीच्या तोंडाला एक फाटक होतं. सगळे पाळीवाले, कोण कधी येईल नेम नाही. म्हणून फाटकातून आत आलं की हाक द्यायची, 'आलो रे!' जो जागा असेल तो अंथरुणातूनच म्हणायचा, 'ये.' आणि लगेच विचारायचा, 'मागे कोणी आहे का?' आहे म्हटलं तर फाटक उघडं राहायचं. मीच शेवटचा म्हटलं, की फाटकाजवळच्या घरातलं कोणीतरी उठून कडी घालायचं."

"आपल्या फाटकासारखंच की," बहीण म्हणाली.

"इथे ते तिथूनच आलं. वस्ती उठवली तेव्हा निम्मी माणसं इकडे आली. बाकीची पांगली. चावीवाल्याला उंच इमारतीत घर मिळालं. खुश होता सुरुवातीला. मग म्हणायला लागला, लिफ्टमध्ये मी एकटा, दारात मी एकटा. घरची झोपलेली असतात. आलो म्हणून सांगायचं कोणाला?"

भावाने "हूं" केलं.

"फेब्रुवारीचा शेवटचा रविवार होता. सोमवार उजाडला की पाडकाम सुरू होणार होतं. म्हणून त्याच रात्री जाऊन वस्तीचं पाणी कायमचं बंद करायचा हुकूम आला. त्या दिवशी त्याच्या दोन पाळ्या लागोपाठ झालेल्या. डोळे उघडे, पण आत माणूस झोपलेला. तुम्हाला नाही कळायचं ते."

"मला कळतं," बहीण म्हणाली.

"वस्तीत कुत्रंसुद्धा उरलं नव्हतं. तारा नेलेल्या. छपरं उतरवलेली. फाटक भंगारात गेलेलं, नुसते दोन खांब उभे. तो खांबांमधून आत शिरला. आणि जन्माची सवय... तोंडातून निघून गेलं, 'आलो रे!'"

गल्लीत कुठे तरी नळ ठिबकत होता.

"त्याचं त्यालाच हसू आलं. कोणाला सांगतोय मी? चार पावलं टाकली. आणि डावीकडून..."

"काय?"

"'ये.'"

कोणी हूं केलं नाही.

"झोपेतला आवाज. कूस बदलताना निघतो तसा. घराला दार नव्हतं. आत आभाळ दिसत होतं. मग उजवीकडून... 'ये.' पुढून एका बाईचा... 'ये रे.'"

"पळाला नाही?" भावाने विचारलं.

"पळायला पायात त्राण हवं. तो म्हणायचा, खरं सांगू का, बरं वाटलं. किती महिन्यांत मला कोणी 'ये' म्हटलं नव्हतं." मामाने गुडघे चोळले. "आणि मग त्याला कोणीतरी विचारलं. 'मागे कोणी आहे का?'"

"बाबा, नको," बहीण म्हणाली.

"दमलेला माणूस. विचार कुठला करतोय? जे रोज बोलायचा तेच बोलला. 'नाही. मीच शेवटचा.'"

मामाने आमच्या फाटकाकडे मान वळवली.

"मागे फाटक लागलं. जे नव्हतंच, ते. आधी कर्र... मग खट्. कडी.

"त्याने वळून पाहिलं नाही. पाहवेना. आजूबाजूला हालचाल. चटया सरकवल्यासारखी. जागा करत होते. त्याच्यासाठी. कोणीतरी कानाशी म्हणालं... 'दमलास. पड आता.' त्याचे गुडघे वाकायला लागले. डोळे मिटायला लागले. इतकी गोड झोप... आयुष्यात आली नव्हती म्हणायचा.

"आणि बायको आठवली. दोन पोरं आठवली. तो ओरडला, 'नाही! मागे आहेत! बायको आहे, दोन पोरं आहेत. यायचीत अजून!'

"सगळं शांत.

"मग कडी सरकली. 'बरं,' तो आवाज म्हणाला. 'उघडं ठेवतो.'"

बहिणीने माझा हात धरला होता.

"चावी तिथेच टाकून धावत घरी आला. बायकोने दार उघडलं. म्हणाली, 'चपला कुठे?' पायाकडे पाहिलं, तर अनवाणी. कधी काढल्या, कुठे काढल्या, काही आठवेना. सकाळी मला घेऊन गेला, एकट्याची हिंमत होईना. यंत्रं अजून यायची होती. सगळीकडे धुळीचा थर. त्यावर एक पाऊल उमटलेलं नाही. त्याचंसुद्धा नाही. एका उंबऱ्याशी त्याच्या चपला होत्या. नीट जोडून ठेवलेल्या, बोटं आतल्या बाजूला. आणि त्यांच्या शेजारी... धूळ पुसलेली. तीन जोड मावतील एवढी जागा. एक मोठा. दोन लहान."

मामाची गोष्ट तिथेच संपली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाकडून आवाज आला. बाईचा. थकलेला.

"आले गं..."

भाऊ ताडकन उठून उभा राहिला. पुन्हा हाक आली, जरा हळू. जणू आपल्याला कोणी ओळखेल की नाही अशी शंका आल्यासारखी.

"आले गं."

"दे की उत्तर," मामा मला म्हणाला. "माणूस दारात उभं आहे."

"ये," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "मागे कोणी आहे का?"

अंधारातून कोपऱ्यावरच्या खोलीतली नर्स पुढे आली. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेत म्हणाली, "बेकरीवाला येतोय. अजूनही असेल कोणी. राहू दे उघडं." आणि पाय ओढत आपल्या दाराकडे गेली.

मग बेकरीवाला आला. मग एक पहारेकरी. प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या दारामागून 'ये' मिळालं. मी मोजत बसले नाही, पण शेवटची कडी लागेपर्यंत पायऱ्यांवरून उठलेही नाही.

सकाळी कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला.

"मत तयार ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, साहेब. समितीने आधी ही गल्ली पाहायला हवी. रात्री."

"रात्री? दिवे तरी आहेत का तिथे?"

"एकच आहे. तोही कधी कधी."

"अहो, मग दिसणार काय आम्हाला?"

"पाळी सुटलेल्या माणसाबरोबर फाटकातून आत यायचं, एवढंच."

त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. "बाई, बाहेर शिकून आलात, उत्साह आहे, ठीक आहे. पण मुदत आज संपतेय. नेमणूक कच्ची आहे तुमची, पुढे मी काही करू शकणार नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "पण समिती एक रात्र इथे येऊन गेल्याशिवाय मी मत देणार नाही."

हे मी जरा तावातावाने बोलले. समोर सगळी दारं बंद होती, आत माणसं नुकती झोपली होती. मी आवाज खाली आणला आणि तेच वाक्य पुन्हा एकदा, हळू, त्यांना सांगितलं.