शोकोचा वाटा

दामियान होडीतून उतरला तेव्हा मोनिकाच्या अंगणात मक्याची कणसं वाळत पडली होती आणि बदकं त्यांच्याभोवती घुटमळत होती. शोचिमिल्कोच्या तळ्याकाठच्या त्या वस्तीत गेली बावीस वर्षं मृत्युपत्रं लिहायचं काम त्याच्याकडे होतं. साथीच्या साली त्याने एकेका दिवसात पाच-पाच लिहिली होती. त्याचा नियम एकच. मरणारं माणूस बोलेल ते लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही.

मोनिका चटईवर पडली होती. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. उशाशी थोरली लेक अंजेलिना, पायाशी दुसरी लेक बार्बोला. साक्षीदार दारात बसले होते आणि मोनिकाचा भाऊ तोरिबियो भिंतीला टेकून उभा होता. तो वस्तीच्या पंचांपैकी एक.

देवाचं नाव घेऊन झालं, तशी मोनिका बोलू लागली. "कालव्यालगतच्या जमिनीच्या तीन पट्ट्या माझ्या आईच्या. तिने मला दिल्या. पहिली अंजेलिनाला. दुसरी बार्बोलाला."

बार्बोलाने तिच्या ओठांना पाणी लावलं.

"तिसरी, वाळुंजाच्या झाडांखालची, शोकोला. घर तिघींचं."

दामियानची लेखणी थांबली. थोरलीला तेयाकापान, मधलीला त्लाको, शेंडेफळाला शोको. घरोघरी मुलींना हीच नावं असायची. पण या घरात शोको नव्हती.

"कोण शोको?"

"माझी धाकटी."

"आई, आम्ही दोघीच आहोत," अंजेलिना हळूच म्हणाली.

"तुला कोणी विचारलं? तू लिही रे."

दामियानने लिहिलं. बार्बोलाला सगळे त्लाको म्हणायचे हे खरं, पण त्यात विशेष काही नव्हतं. मागून आणखी एक होईल, या आशेवर लोक दुसरीला मधली म्हणत. तापात माणूस बरळतं, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि कागद वाळवला.

दुसऱ्या दिवशी मोनिका गेली. दफन झाल्यावर दामियानने देवळातली बाप्तिस्म्याची वही उघडली. मोनिकाच्या नावापुढे दोनच मुली होत्या. त्याने पुन्हा पाहिलं. दोनच.

तोरिबियोला हवं होतं ते मिळालं. "शोको नावाचं माणूसच नाही," तो पंचांपुढे म्हणाला, "म्हणजे ती पट्टी बेवारस. माझ्या आईची जमीन, ती माझ्याकडे येणार. आणि एक कलम खोटं निघालं तर अख्खा कागदच खोटा. पोरींच्या पट्ट्यांचंही मग बघू."

त्या दुपारी बार्बोला दामियानकडे आली. बसली नाही.

"दादा, आपण सांगू की शोको आहे. लहानपणी लांब दिली होती, म्हणून कोणाला आठवत नाही."

"तू पाहिलीस तिला?"

"नाही." ती दाराच्या चौकटीवर नख फिरवत राहिली. "पण आई रोज सकाळी आपली वगळून तीन भाकऱ्या बाजूला काढायची. एक ताईची, एक माझी. तिसरी कोणाची, ते आम्ही कधी विचारलं नाही."

"नसलेलं माणूस मी कागदावर आणू शकत नाही, बार्बोला."

"आणलंत की."

ताबा देण्याचा दिवस ठरला. पंचांनी सांगितलं, शोकोलाही तिच्या पट्टीवर हाक मारायची; आली नाही तर पट्टी तोरिबियोची. रीत जुनी होती. कोतवालाने वारसाचा हात धरून त्याला जमिनीवरून चालवायचं, वारसाने गवत उपटायचं, चार दिशांना मातीची ढेकळं फेकायची. कोणी हरकत घेतली नाही की जमीन त्याची.

सकाळी ऊन चांगलं तापलं होतं. कोतवाल फेलिसियानो गुबगुबीत, बोलका माणूस. अंजेलिनाचं काम पटकन उरकलं. बार्बोलाने ढेकूळ उचललं तेव्हा तो म्हणाला, "लांब फेक गं. मामाच्या होडीत नको, त्यांना वाटायचं जमीन मिळाली." साक्षीदार हसले. तोरिबियोही हसला.

तिसरी पट्टी वाळुंजांखाली होती. माती काळी, लोण्यासारखी, आणि चिखलाचा वास इतका गार की दामियानला घशात जाणवला. दोघी बहिणी काठावरच थांबल्या. फेलिसियानोने पट्टीच्या तोंडाशी उभं राहून उजवा हात पुढे केला आणि मोनिकाच्या मुलीला, शोकोला, तीनदा हाक मारली.

कालव्यात बेडूक ओरडत होते, ते थांबले.

"झालं?" होडीत उभा असलेला तोरिबियो म्हणाला. "लिहा, कोणी आलं नाही."

दामियानने लेखणी शाईत बुडवली.

फेलिसियानोचा हात तसाच पुढे होता.

"चल रे, आवर."

"थांबा," फेलिसियानो म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. "धरलाय."

तो चालू लागला. सावकाश, उजवीकडे किंचित वाकून, लहान मुलीला चालवतात तसा. ओल्या मातीत त्याच्या पायताणांचे ठसे उमटत गेले. त्यांच्या शेजारी दुसरे ठसे नव्हते.

पट्टीच्या टोकाशी गवताचा एक झुपका मुळांसकट वर आला. फेलिसियानोच्या डाव्या हातात काठी होती.

मग पाण्यात ढेकूळ पडलं.

दुसरं पलीकडच्या बाजूला.

तिसरं मागे, झाडांत.

चौथं तोरिबियोच्या होडीत येऊन पडलं.

"कोणाची हरकत?" फेलिसियानोने विचारलं. विचारायची रीतच होती.

तोरिबियो पायाशी पडलेल्या मातीकडे बघत होता. "नाही," तो म्हणाला.

दामियानने घडलं तेवढं लिहिलं. तिला हाताला धरून नेलं. तिने गवत उपटलं, माती फेकली. कोणी हरकत घेतली नाही.

परतताना त्याने फेलिसियानोला विचारलं, "हात कसा होता?"

फेलिसियानोने वल्हं होडीत आडवं ठेवलं. "नखांत माती होती," तो म्हणाला. "गवत उपटायच्या आधीपासून."

नऊ दिवसांनी दामियान कागदाची नक्कल द्यायला गेला. भर दुपार होती. दोघी बहिणी घराबाहेर भिंतीला पाठ लावून उन्हात बसल्या होत्या, रिकाम्या हातांनी. दार अर्धवट लोटलेलं होतं. आत कोणीतरी दगडावर मका वाटत होतं. संथ, एका लयीत.

"पाहुणं आलंय का कोणी?"

अंजेलिनाने कागद घेतला. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती ओळींवरून बोट फिरवत गेली.

"तिचं नाव कुठे आहे?"

त्याने दाखवलं.

"खोडता येईल?"

"साक्षीदारांसमोर लिहिलेलं खोडता येत नाही गं."

"तीही तेच म्हणाली," बार्बोला म्हणाली.

आतला दगड थांबला.

दोघी एकदम उठल्या. केस सारखे केले, आणि मान खाली घालून, एकीमागे एक, आत गेल्या.