चुना हवा पितो

तुम्ही बसलायत ना, ती ही तळघरातली खोली मी बायकोसाठी करायला घेतली होती. तिला दमा. उन्हाळ्यात वर जीव घुसमटायचा आणि एसीचं वारं सोसायचं नाही. म्हणून पाडलेल्या घरांच्या जुन्या विटा, सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा आणि बागेतल्या मातीखालून गार हवा आणणारा एक पाइप, एवढ्यावर भागवायचं ठरवलं. "लोक लोकांना चुना लावतात, तुम्ही भिंतींना लावताय," ती म्हणायची. गिलाव्याचा शेवटचा हात फिरला आणि आठच दिवसांत ती गेली. मोकळं रडा, असं सगळे म्हणाले. पण आतून काही येतच नव्हतं. हातातलं काम तेवढं पुरं करायचं, इतकंच डोक्यात राहिलं.

म्हातारा गवंडी म्हणाला, "चार दिवस खोली बंद ठेवू, पाइपचं तोंडसुद्धा. आत मीटर ठेवू. ओल किती, हवा कशी, सगळं कळतं."

चार दिवसांनी दार उघडलं. ओल्या चुन्याचा वास आला, आणि त्याखाली अगदी पुसट, तिच्या छातीला चोळायच्या मलमाचा. गवंडी मीटरवरच्या रेषेकडे बघत राहिला.

"आत कोणी बसलं होतं?"

"कुलूप होतं. किल्ली माझ्याकडेच."

"माणसानं सोडलेली हवा मोजतं हे. ओला चुना ती हवा पितो, म्हणजे आकडा उतरायला हवा. हा रोज दुपारी दोन ते चार चढलाय… चारशेचा नऊशे. आत एक माणूस असला की होतो तेवढा."

दोन ते चार ती झोपायची. माझ्या अंगावर काटा यायला हवा होता, पण आला नाही. ती इथे आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दोन वाजता मीच आत जाऊन बसलो.

"दोघं असाल तर दुप्पट चढेल," गवंडी हळूच म्हणाला आणि त्यानं बाहेरून दार लावलं.

काळोख होता. पाठीला भिंत गार लागत होती. थोड्या वेळानं डावीकडून श्वास ऐकू आला, शेवटाला बारीक शीळ वाजणारा. तो मी तीस वर्षं ऐकला होता.

"बरं वाटतंय ना इथे?" मी विचारलं.

शीळ थांबली… आणि परत सुरू झाली. कित्येक दिवसांनी मला झोप लागली.

चार वाजता गवंड्यानं दार उघडलं आणि मीटर उजेडात धरला. नऊशे.

"एकाचाच श्वास आहे."

"असं कसं? मी ऐकलाय हो… शेजारीच होती ती."

तो माझ्या छातीकडे बघत राहिला. मग चुन्यानं पांढरा झालेला तळवा त्यानं माझ्या नाकाखाली धरला. बराच वेळ धरला. हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाठ न करता तो एकेक पायरी मागे मागे चढत गेला.

परत आला नाही. त्याची थापी तुमच्या मागच्या कोनाड्यात आहे, मीटरच्या शेजारी.